हार्वर्डचा पहिला अध्यक्ष, मेलेली शेळी आणि न झालेला बाप्तिस्मा

चार्ल्सकाठ

गेल्या महिन्यात साताऱ्याहून आत्या आणि काका आले होते. बॉस्टनला आलेल्या पाहुण्यांना जी ठरलेली फेरी मारून आणावी लागते ती मारली: हार्वर्ड यार्ड, जॉन हार्वर्डचा पुतळा, पुतळ्याच्या बुटाला हात लावून फोटो. लोकांनी हात फिरवून फिरवून तो बूट घासलेल्या समईसारखा लखलखीत केलाय. मग मी माझं पाठ झालेलं भाषण दिलं. या पुतळ्याखाली जे कोरलंय त्यात काही खरं नाही. 'संस्थापक' म्हटलंय, पण हा संस्थापक नव्हे. साल १६३८ दिलंय, पण कॉलेज १६३६ चं. आणि चेहराही त्याचा नाही, कारण त्याचं चित्रच कुठे नाही. शिल्पकाराने १८८४ साली एका तरुणाला समोर बसवून काम भागवलं.

आत्या सातवीपर्यंत शिकलेली, पण प्रश्न नेमका विचारते. म्हणाली, "बरं, याने नाही काढलं. मग चालवलं कुणी?"

याचं उत्तर मला तेव्हा नीट देता आलं नाही. गेले तीन-चार शनिवार-रविवार वाचून काढलेलं इथे टाकतोय.

चालवलं हेन्री डन्स्टरने. हार्वर्ड चौकातून नदीकडे उतरणाऱ्या एका गल्लीला त्याचं नाव आहे, नदीकाठच्या एका वसतिगृहालाही आहे. मी त्या गल्लीत अनेकदा गाडी लावायला जागा शोधलीय. माणूस कोण होता ते विचारलं नव्हतं.

त्याच्या आधी काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर त्याने काय केलं ते कळणार नाही. १६३६ च्या ऑक्टोबरात मॅसॅच्युसेट्स वसाहतीच्या सभेने कॉलेजसाठी ४०० पौंड मंजूर केले. १६३८ साली जॉन हार्वर्ड नावाचा तरुण पाद्री क्षयाने गेला आणि आपली निम्मी मालमत्ता आणि सुमारे ४०० पुस्तकं ठेवून गेला, म्हणून कॉलेजला त्याचं नाव. पहिला मास्तर नेमला नथॅनिएल ईटन. या गृहस्थाने १६३९ साली आपल्या हाताखालच्या ब्रिस्को नावाच्या शिक्षकाला अक्रोडाच्या सोट्याने बडवलं. दोन माणसांनी धरून ठेवलं आणि हा मारत होता. गव्हर्नर विन्थ्रॉपने रोजनिशीत लिहिलंय की तो सोटा वारभर लांब आणि घोडा मरेल इतका जाड होता. प्रकरण कोर्टात गेलं, तेव्हा विद्यार्थ्यांनी जेवणाचंही गाऱ्हाणं मांडलं. ईटनची बायको खानावळ बघायची. तिचा कबुलीजबाब आजही आहे. त्यात ती म्हणते, बिअर संपून आठवडा-आठवडा मिळाली नाही हे खरं. बांगडे आतड्यांसकट वाढले गेले आणि मक्याच्या घाट्यात शेळीच्या लेंड्या निघाल्या हे मात्र मला ठाऊक नव्हतं, पण माझ्या घरात असं व्हावं याची लाज वाटते.

ईटनला काढला, तो पुढे व्हर्जिनियाला पळाला. पोरं घरोघर पांगली. कॉलेज जवळपास वर्षभर बंद.

अशा वेळी, १६४० च्या ऑगस्टात, इंग्लंडहून एक तिशीचा माणूस बोटीतून उतरला. लँकाशायरमधल्या बरी गावचा, इंग्लंडातल्या केंब्रिजच्या मॅग्डलेन कॉलेजचा पदवीधर, हिब्रूत तरबेज. बोटीतून उतरून तीन आठवडे झाले नसतील, तर २७ ऑगस्टला त्याच्या गळ्यात कॉलेज मारलं. 'मास्तर' हे पद ईटनने इतकं नासवलं होतं, की नवं पद काढलं, प्रेसिडेंट. अमेरिकेत कॉलेजच्या प्रमुखाला हे बिरुद लावायची सुरुवात इथून.

सुरुवातीला तिन्ही वर्षांच्या वर्गांना हा एकटाच शिकवायचा. पुढची १४ वर्षं त्याने काय केलं ते सांगतो, पण आधी चहा.

खवचट_काकू

बांगडे आतड्यांसकट! हे वाचून माझ्या मालवणी जिवाला जे झालं ते सांगता येत नाही. त्या बाईला हद्दपार करायला हवं होतं.

बोरूबहाद्दर

वाचतोय. चहा किती वेळ चालणार?

मास्तर१९७१

छान विषय. एक शंका. एकटा माणूस तीन वर्गांना शिकवत होता म्हणजे नेमकं कसं? मी स्वतः तीन इयत्तांना एका खोलीत शिकवलंय (जिल्हा परिषदेच्या शाळेत, दोन वर्षं), म्हणून विचारतो.

चार्ल्सकाठ

मास्तर, तुमच्यासारखंच. वेळापत्रक छापील मिळतं, कारण १६४३ साली लंडनमध्ये देणग्या गोळा करायला एक पुस्तिका काढली होती, तिच्यात ते आहे. सोमवार-मंगळवार सकाळी ८ ला पहिल्या वर्षाला तर्कशास्त्र आणि निसर्गशास्त्र, ९ ला दुसऱ्या वर्षाला नीतिशास्त्र आणि राज्यशास्त्र, १० ला तिसऱ्या वर्षाला गणित आणि खगोल. दुपारी प्रत्येक वर्षाने वादविवाद करायचे. बुधवारी ग्रीक, गुरुवारी हिब्रू आणि तिच्या बहिणी, शुक्रवारी वक्तृत्व, शनिवारी धर्मशास्त्र. दिवसाला एक विषय पक्का मुरवायचा अशी पद्धत. प्रवेशाची अट म्हणजे सिसेरो समोर ठेवला तर न अडखळता अर्थ सांगता यायला हवा आणि लॅटिनमध्ये पद्य-गद्य रचता यायला हवं. आवारात आपसातही लॅटिनच.

सुरुवातीला हे सगळं डन्स्टर एकटा. नंतर त्याने वरच्या वर्गातल्या पोरांना हाताशी धरलं.

१६४२ साली पहिली तुकडी बाहेर पडली, ९ जण. गंमत अशी की पदव्या द्यायचा अधिकार राजाने दिलेलाच नव्हता. डन्स्टरने केंब्रिजच्या धर्तीवर समारंभ केला आणि देऊन टाकल्या. पुढे ऑक्सफर्ड-केंब्रिजने त्या मानल्याही. त्या नवांपैकी एक जॉर्ज डाउनिंग. लंडनची डाउनिंग स्ट्रीट याचीच. माणूस म्हणून अगदीच बिलंदर निघाला, पण तो वेगळा धागा होईल.

तीन वर्षांचा अभ्यासक्रम डन्स्टरने चार वर्षांचा केला. काही पोरं जादा वर्षाचा खर्च नको म्हणून पदवी न घेताच घरी गेली. अमेरिकेतली पदवी आजही चार वर्षांची आहे, मुलांची फी भरताना आठवण ठेवा.

आणि १६५० ची सनद. प्रेसिडेंट, पाच फेलो आणि एक खजिनदार, अशा सात जणांचं मंडळ आणि त्यांच्याकडे कारभार. ही सनद अजून चालू आहे. सातांचे तेरा करायचं ठरलं ते २०१० साली, म्हणजे ३६० वर्षांनी.

अनुस्वार

या सनदेत आणखी एक गोष्ट आहे ती सोडू नका. 'या देशातल्या इंग्लिश आणि इंडियन तरुणांच्या शिक्षणासाठी' असे शब्द आहेत. इंडियन म्हणजे तिथले मूळ रहिवासी. प्रत्यक्षात काय झालं? एक इमारत बांधली, चार-दोन मुलं आली, त्यातला केलेब चीशाहटोमक १६६५ साली पदवीधर झाला आणि वर्षभरातच क्षयाने गेला. त्याचा सोबती जोएल पदवीच्या तोंडावर मेला, त्याला हार्वर्डने पदवी दिली २०११ साली.

आणि ईटनबाईच्या कबुलीजबाबातही एक ओळ आहे, 'मूर' एका विद्यार्थ्याच्या चादरीत झोपला अशी तक्रार होती, ती खरी आहे असं ती म्हणते. म्हणजे त्या घरात एक काळा माणूस राबत होता आणि त्याचं नावही कुणी लिहिलं नाही. बांगड्यांवर हसताना मला तेही दिसलं.

चार्ल्सकाठ

अनुस्वार, बरोबर. ती ओळ मी वाचली होती आणि गाळली. गाळायला नको होती.

हिशेबतपासनीस

मला पैशांबद्दल सांगा. ४०० पौंड मंजूर झाले म्हणजे मिळाले असं नव्हे, हे सरकारी अनुदानाशी गाठ पडलेला कुणीही सांगेल.

चार्ल्सकाठ

याचीच वाट बघत होतो!

वसाहतीत नाणं नव्हतंच जवळजवळ. इंग्लंडात यादवी सुरू झाली, नवे लोक यायचे थांबले, त्यांच्याबरोबर येणारी चांदी थांबली. मग फी कशात? गहू, मका, माल्ट, लोणी, मेंढ्या, वासरं, सफरचंदं, जोडे, खिळे. कारभाऱ्याच्या वहीत हे सगळं मांडलेलं आहे, प्रत्येकाची किंमत शिलिंग-पेन्समध्ये लावून. १६४४ साली वसाहतीतल्या दर कुटुंबाने कॉलेजला पायलीभर गहू किंवा १२ पेन्स द्यावेत असं आवाहन झालं, त्याला 'कॉलेजचं धान्य' म्हणत.

चार्ल्सटाउनच्या तरीचं उत्पन्नही कॉलेजला लावून दिलं होतं. आता तरीवर माणसं काय देणार? शिंपल्यांचे मणी. मूळ रहिवाशांचं ते चलन होतं, दोऱ्यात ओवलेलं असलं की त्याला किंमत. तरवाल्याकडे यायचे ते सुटे, फुटके, कुणी घेणार नाही असे. डन्स्टरने त्याबद्दल सभेकडे तक्रार केलीय.

आणि माझी आवडती नोंद: वॉटरटाउन गावाच्या वर्गणीपोटी एक शेळी, किंमत ३० शिलिंग, 'जी मेली'.

हिशेबतपासनीस

"जी मेली." व्वा. तीस वर्षं हिशेब तपासले, इतका प्रामाणिक शेरा एकाही वहीत पाहिला नाही. आमच्याकडे असती तर शेळी कागदावर अजून चरत असती.

खवचट_काकू

आणि दूधही देत असती.

बोरूबहाद्दर

+१ दोघांनाही.

माझ्याकडून छपाईबद्दल. डन्स्टरचं लग्न हा छापखान्याच्या इतिहासातला महत्त्वाचा प्रसंग आहे, थट्टा नाही. १६३८ साली जोस ग्लोव्हर नावाचा पाद्री छापखाना, कागद आणि स्टीफन डे नावाचा कुलुपं बनवणारा कारागीर घेऊन इंग्लंडहून निघाला. ग्लोव्हर वाटेतच, बोटीवर वारला. बायको एलिझाबेथ पाच मुलं आणि छापखाना घेऊन केंब्रिजला (इंग्लंडातलं नव्हे, हार्वर्ड ज्या गावात आहे ते) उतरली. उत्तर अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतींमधला हा पहिला छापखाना. त्यावर १६४० साली स्तोत्रांचं पुस्तक छापलं, सुमारे १७०० प्रती. १६४१ साली डन्स्टरने या विधवेशी लग्न केलं आणि छापखाना त्याच्या घरात आला. दोन वर्षांत तीही वारली. मग त्याने दुसरं लग्न केलं, तिचंही नाव एलिझाबेथ.

ती स्तोत्रं गायला अवघड होती, म्हणून डन्स्टरने एका सहकाऱ्याबरोबर ती पुन्हा घासूनपुसून १६५१ साली काढली. म्हणजे अध्यक्ष, मास्तर, छापखानेवाला आणि कवितेला हातोडी मारणारा, सगळं एकच.

खवचट_काकू

श्रीमंत विधवा, घर, छापखाना. पहिल्याच वर्षी बस्तान बरं बसवलं की साहेबांनी.

बोरूबहाद्दर

काकू, पाच सावत्र मुलंही आली ना त्यात. पुढे त्यांतल्याच एकाने मालमत्तेवरून त्याच्यावर दावा लावला, १६५६ साली. तोवर याची नोकरीही गेली होती.

खवचट_काकू

गेली? एवढं सगळं करून? चार्ल्सकाठ, बाप्तिस्मा कुठे आहे? शीर्षकात घालून ठेवलाय आणि अजून पत्ता नाही.

चार्ल्सकाठ

आलोच.

१६५३ च्या शरदात डन्स्टरला मुलगा झाला, जोनाथन. आधीच्या मुलांचे बाप्तिस्मे रीतीप्रमाणे झाले होते. याचा करायला त्याने नकार दिला. शास्त्र वाचता वाचता त्याचं मत झालं होतं की बाप्तिस्मा स्वतः श्रद्धा व्यक्त करू शकणाऱ्यालाच द्यावा, तान्ह्या बाळाला देण्यात अर्थ नाही.

एवढंच. आजच्या माणसाला वाटेल, मग काय झालं?

झालं असं, की १६४४ पासून कायदा होता. बालबाप्तिस्म्याला जाहीर विरोध केला तर हद्दपारी. १६५१ साली ओबदाया होम्स नावाच्या बाप्टिस्टाला बॉस्टनमध्ये ३० फटके मारले होते. हे सगळं डन्स्टरच्या डोळ्यासमोर घडलेलं. आणि आता वसाहतीचे सगळे पाद्री ज्या कॉलेजातून तयार व्हायचे, त्याचाच अध्यक्ष बिघडला.

त्याला समजवायला आधी आला गावचा पाद्री जोनाथन मिचेल. हा डन्स्टरचाच विद्यार्थी, १६४७ च्या तुकडीतला. १६५३ च्या नाताळच्या आदल्या दिवशी तो गुरूच्या घरी गेला, वाद घातला आणि परत आल्यावर त्याच्या स्वतःच्याच डोक्यात शंका घोळू लागल्या. बाळांचा बाप्तिस्मा खरंच चूक असेल तर? मिचेलने प्रामाणिकपणे लिहून ठेवलंय की या शंका इतक्या घाईघाईने अंगावर येत होत्या की त्या सैतानाकडूनच असणार. डोंगर हलवील असा मुद्दा सापडल्याशिवाय आपण हलायचं नाही, असं त्याने ठरवून टाकलं.

१६५४ च्या फेब्रुवारीत बॉस्टनला दोन दिवस वाद झाला. एका बाजूला नऊ पाद्री आणि दोन वडीलजन, दुसऱ्या बाजूला डन्स्टर. कुणीच हललं नाही. मे महिन्यात सभेने ठराव केला, श्रद्धेत खोट असलेल्यांना कॉलेजात किंवा शाळेत शिकवू देऊ नये. नाव कुणाचं घातलं नव्हतं, पण घालायची गरजही नव्हती. जूनमध्ये डन्स्टरने राजीनामा दिला.

आता गंमत बघा. तो लगेच स्वीकारला नाही. महिनाभर विचार करा म्हणाले. त्यांना माणूस हवाच होता. मत ठेवा, फक्त बोलू नका, एवढीच अपेक्षा होती.

आणि ३० जुलैला, भर प्रार्थनेत, एक बाळ बाप्तिस्म्यासाठी पुढे आणलं तेव्हा हा उभा राहून बोलायला लागला.

खवचट_काकू

अरे देवा. दुसऱ्याच्या बारशात?

चार्ल्सकाठ

दुसऱ्याच्या बारशात. 'थांबा' म्हटलं तरी थांबला नाही. त्यावर पुढे खटला झाला, जाहीर कानउघाडणी झाली. ऑक्टोबरात दुसरा राजीनामा, आणि तो मात्र मंजूर.

नगरी_घोंगडी

पहिल्यांदाच लिहितोय इथे. मी अहमदनगरचा, ख्रिस्ती घरातला. बाप्तिस्म्याचा विषय निघाला म्हणून दोन ओळी.

बाळाच्या डोक्यावर पाणी घालणं की मोठेपणी डुबवणं, हा वाद बाहेरच्यांना शाब्दिक वाटतो. पण त्या वसाहतीत मंडळीचा, म्हणजे चर्चचा, सभासद असेल त्यालाच मत होतं. बाळाचा बाप्तिस्मा म्हणजे आईबापाचा देवाशी झालेला करार त्याला लागू होणं. तो काढून घेतला तर पुढची पिढी मंडळीत कशी यायची आणि गाव कुणी चालवायचं? शिवाय १५३४ साली जर्मनीतल्या म्युन्स्टर शहरात पुन्हा बाप्तिस्मा घेणाऱ्यांनी जो धुमाकूळ घातला, त्याची धास्ती शंभर वर्षांनीही होती. म्हणून हे लोक इतके बिथरले. बरोबर होते असं नाही म्हणत.

आणि या पंथाचा आमच्याशी संबंध आहे. डन्स्टरला काढणारे जे काँग्रिगेशनल पाद्री, त्यांच्याच परंपरेतल्या लोकांनी १८१० साली मॅसॅच्युसेट्समध्ये अमेरिकन बोर्ड ही मिशनरी संस्था स्थापन केली. तिचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ साली मुंबईत उतरले, तेच अमेरिकन मराठी मिशन. नगरला ते आले १८३१ साली. 'ज्ञानोदय' हे नियतकालिक त्यांनीच १८४२ साली नगरला सुरू केला. आमच्या आजीचा बाप्तिस्मा तान्हेपणी झाला तो त्यांच्याच रीतीने.

१९७० साली उत्तर भारतातल्या वेगवेगळ्या पंथांची चर्चेस एकत्र आली, त्यांत बाप्टिस्टही होते. तेव्हा तोडगा काढला, दोन्ही रीती चालतील, ज्याला जी हवी ती घ्यावी. माझ्या घरात माझा बाळपणी झाला आणि बायकोचा सतराव्या वर्षी. डन्स्टरची ज्यावरून नोकरी गेली, त्यावरून आमच्याकडे फक्त सासूबाई कधीमधी एक टोमणा मारतात.

मास्तर१९७१

नगरी_घोंगडी, स्वागत. पहिल्याच प्रतिसादात धाग्याला वजन दिलंत.

शेवगाव_एक्स्प्रेस

अवांतर: हार्वर्ड आणि मराठी माणूस म्हटलं की मला धर्मानंद कोसंबी आठवतात. गोव्यातल्या साखवाळचा माणूस पाली शिकायला देश पालथा घालतो आणि मग 'विसुद्धिमग्ग' या पाली बौद्ध ग्रंथाच्या संपादनासाठी हार्वर्डला जातो. मुलगा दामोदर तिथेच शिकला, १९२९ चा पदवीधर. अवांतर समाप्त.

खवचट_काकू

अवांतर चालेल. पण माझा मूळ मुद्दा राहिलाच. या माणसाला बायको होती, लहान पोरं होती. चौदा वर्षं उभं केलेलं कॉलेज होतं. मत बदला म्हटलं नव्हतं, फक्त गप्प बसा म्हटलं होतं. घरातल्या घरात बाप्तिस्मा केला नसता तर कुणी बघायला आलं नसतं. मला यात निष्ठेपेक्षा हट्ट जास्त दिसतो. असे पुरुष इतिहासात थोर ठरतात आणि त्यांचं बिऱ्हाड कुणी बांधलं ते कुणी विचारत नाही.

मास्तर१९७१

काकू, मी असहमत. त्याचा धंदाच शिकवण्याचा. कोवळ्या पोरांना रोज तर्कशास्त्र शिकवायचं, म्हणायचं की युक्तिवाद जिथे नेईल तिथे जा, आणि आपण मात्र एका दारापाशी डोळे मिटून उभं राहायचं? मुलांना लगेच कळतं हो. मी बदल्यांच्या भीतीने काही वेळा गप्प बसलोय. वर्गात फळ्याकडे तोंड केल्यावर पाठीला जाणवायचं ते.

खवचट_काकू

मास्तर, तुमच्याबद्दल आदर आहे. पण तुम्ही गप्प बसलात म्हणूनच तुमची मुलं शिकली असतील.

मास्तर१९७१

हे मात्र खरं आहे.

चार्ल्सकाठ

काकू, तुमच्या बिऱ्हाडाच्या मुद्द्यावर कागदच आहे. राजीनामा मंजूर झाल्यावर घर रिकामं करा असं सांगितलं. नोव्हेंबरात त्याने सभेला अर्ज केला, थोडे दिवस राहू द्या म्हणून. त्याने मांडलेली कारणं माझ्या शब्दांत:

ऋतू वाईट आहे, वर्षातला सर्वांत लहान दिवस जवळ आलाय. जिथे जायचं ती जागा मला आणि माझ्या माणसांना अनोळखी. इथे हिवाळ्याचं सरपण, माणसांचं धान्य, जनावरांचा चारा सगळं भरून ठेवलंय. हे घर मी कॉलेजच्या प्रेमापोटी स्वतःला तोशीस लावून बांधलं. इंग्लंडच्या हुंड्या घेण्याऐवजी इथल्या धान्या-जनावरांत मोबदला घेतला, नाहीतर घर उभंच राहिलं नसतं. घरात माझ्याशिवाय सगळ्या बायका आणि मुलं. बायको आजारी आहे. धाकटं मूल कित्येक महिने इतकं आजारी आहे की त्याला दाराबाहेर नेण्याची आमची छाती होत नाही.

धाकटं मूल म्हणजे जोनाथन. ज्याच्यावरून सगळं झालं तेच.

मार्चपर्यंत राहू दिलं. राहिलेल्या पैशांचं मागणं मात्र फेटाळलं. याने आपली १०० एकर जमीन कॉलेजला दिलेली होती, तिचा उल्लेख कुणी केला नाही.

हिशेबतपासनीस

म्हणजे ती शेळी याच्याच मोबदल्यात धरली असणार. मेली तरी ३० शिलिंग वळते.

चार्ल्सकाठ

असू शकेल, पण तसं लिहिलेलं नाही, म्हणून मी म्हणणार नाही :)

आता खरा मासला. डन्स्टरच्या जागी आणलं कुणाला? चार्ल्स चॉन्सीला. मोठा विद्वान, ग्रीक-हिब्रूचा पंडित. पण याचंही बाप्तिस्म्याबद्दल वेगळंच मत. बाळाला द्यावा, पण नुसतं पाणी शिंपडून नाही, पूर्ण बुडवून. न्यू इंग्लंडच्या कडक थंडीत! शिवाय प्रभुभोजन संध्याकाळीच व्हावं असंही त्याचं म्हणणं. म्हणजे वसाहतीच्या रीतीत हाही बसत नव्हता.

त्याला म्हणाले, मतं ठेवा, फक्त इथे प्रचार करू नका. तो म्हणाला, बरं. आणि १६५४ च्या नोव्हेंबरात अध्यक्ष झाला, तो १६७२ साली मरेपर्यंत.

काकू, तुमचा माणूस हा. आणि याचंही काही वाईट झालं नाही. कॉलेज चाललं, पोरं शिकली.

पण चॉन्सी केंब्रिजला आला कुठून, तर प्लिमथ वसाहतीतल्या सिचुएट गावातून. तिथे तो १६४१ पासून पाद्री होता. आणि डन्स्टर केंब्रिज सोडून गेला कुठे? सिचुएटला. चॉन्सीच्या रिकाम्या व्यासपीठावर प्रवचनं द्यायला. अक्षरशः अदलाबदल. एक गप्प बसायला तयार झाला, तो कॉलेजात आला. दुसरा झाला नाही, तो त्याच्या गावात गेला.

खवचट_काकू

हे तुम्ही मुद्दाम शेवटासाठी राखून ठेवलंत.

बरं. चॉन्सी माझा, डन्स्टर मास्तरांचा. वाटणी मान्य. पण मिचेल कुणाचा? त्याला शंका आल्या, त्या त्याने सैतानाच्या नावावर टाकल्या आणि झोपी गेला. आपल्यातले बहुतेक त्याच्यातच मोडतात असं मला वाटतं, मी धरून.

अनुस्वार

काकू, हा या धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद.

पुढे कडवटपणा राहिला का? डन्स्टरने त्यांच्याविरुद्ध काही लिहिलं वगैरे?

चार्ल्सकाठ

उलट. तो सिचुएटला १६५९ च्या फेब्रुवारीत वारला, पन्नाशीही गाठली नाही. मृत्युपत्रात सांगून ठेवलं की मला केंब्रिजलाच पुरा. कॉटन मॅदर या बॉस्टनच्या पाद्री-लेखकाने पुढे लिहिलंय की ज्यांनी त्याला घालवलं त्यांच्याच नावे त्याने मृत्युपत्रात भेटी ठेवल्या होत्या. भर हिवाळ्यात त्याला तिकडून आणून यार्डच्या समोरच्या जुन्या दफनभूमीत पुरलं. पुतळ्यापासून चालत पाच मिनिटं. काल संध्याकाळी जाऊन आलो. पाटीवरची अक्षरं वाचायला ओणवं व्हावं लागतं. आत मी आणि एक खार. बाहेर, रस्त्यापलीकडे, बुटाला हात लावायची रांग होती.

मास्तर१९७१

आत्याबाईंना सांगितलंत का हे सगळं?

चार्ल्सकाठ

सांगितलं. आज सकाळी फोनवर, पाऊण तास. वादविवाद, सनद, अदलाबदल, सगळं. सनदेपाशी ती "हं, हं" करत होती, मागे कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. अर्जापाशी आलो तेव्हा तिने गॅस बंद केला. सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "ते आजारी पोर वाचलं का?"

वाचलं. जोनाथन मोठा झाला, लग्न केलं, केंब्रिजच्याच हद्दीत जमीन करून राहिला आणि सत्तरी ओलांडून गेला.

"मग बरं झालं," म्हणाली आणि कुकर उघडायला गेली.